कामासाठी जुनी फोर बाय फोर घेताना : आधी खाली वाका

पाटण तालुक्यात कोयनेच्या वरच्या अंगाला एका वाडीत सोलर पंप बसवायचा होता. जुलै महिना, पावसाची झड लागलेली. गाडीत पॅनेल, पाइप, मोटर, केबलची गुंडाळी आणि आम्ही तिघं. जीप जुनी, पण मी ती महिनाभरापूर्वीच घेतलेली. शेवटच्या चढाला फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर देणारा, लिव्हर ओढला, तो खटकन बसलाही. तरी मागची दोन चाकं जागच्या जागी चिखल उडवत फिरत राहिली आणि पुढची दोन जराही हलली नाहीत. दीड तासाने वाडीतून ट्रॅक्टर आला आणि टोचन लावून आम्हाला वर घेतलं.

दुसऱ्या दिवशी कराडला गाडी रॅम्पवर चढवली तेव्हा कळलं, की पुढचा प्रोपेलर शाफ्टच, म्हणजे पुढच्या चाकांकडे जोर नेणारा दांडाच, गाडीला नव्हता. आधीच्या मालकाने डिझेल वाचावं म्हणून तो काढून ठेवला होता आणि विकताना परत बसवला नव्हता. तो जिथे जोडतात त्या फ्लँजवरची बोल्टची भोकं रिकामी होती, त्यांच्या कडांना गंज चढलेला. म्हणजे काढून बरेच दिवस झाले होते. घेताना मी इंजिन ऐकलं, रंग बघितला, टायरची नक्षी बघितली, कागद बघितले. फक्त गाडीखाली वाकलो नव्हतो.

त्यानंतर स्वतःसाठी एक आणि ओळखीच्यांसाठी बऱ्याच गाड्या बघितल्या. एक गोष्ट पक्की झाली : जुन्या फोर बाय फोरमध्ये गाडीचा पुढचा अर्धा भाग एकतर कधी वापरलेला नसतो, नाहीतर वाईट वापरलेला असतो. त्याच भागासाठी आपण जास्तीचे पैसे मोजतो आणि तोच बघायचा राहतो. पहिल्यांदा घेणाऱ्याने काय काय करावं ते मी करतो त्या क्रमाने सांगतो.

लागते का, ते आधी ठरवा

सातारा-सांगलीत एका जिल्ह्यात दोन-तीन हवामानं आहेत. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात माणमध्ये ५०० मिलिमीटरच्या आसपास. जावळी, पाटण, महाबळेश्वर, शिराळ्याचा चांदोलीकडचा भाग इथे जांभ्याची लाल माती, ओलं गवत, शेवाळलेली फरशी आणि उभा चढ. इथे पुढची चाकं ओढायला लागली की खरोखर फरक पडतो, कारण खाली जमीन घट्ट असते, फक्त वरचा थर निसरडा असतो. बामणोली, तापोळ्याकडे किंवा कोयनेच्या वरच्या वाड्यांवर वर्षभर काम असेल तर फोर बाय फोर घ्या, पैसे वसूल होतात.

माण, खटाव, आटपाडी, जतकडे बहुतेक मुरूम आणि माळ. तिथे उंच, साधी टू व्हील ड्राइव्ह बोलेरो किंवा पिकअप चांगल्या टायरवर वर्षाचे जवळजवळ सगळे दिवस काम करते. टेंभू आणि म्हैसाळच्या कालव्यांच्या कडेने मी कित्येक वर्षं टू व्हीलवर फिरलोय.

वाळवा-मिरज पट्ट्यातल्या काळ्या रानाची गोष्ट वेगळीच आहे. नवखे लोक फसतात ते इथे. काळी माती भिजली की टायरच्या नक्षीत गच्च भरते, चाकाचा नुसता गुळगुळीत गोळा होतो. मग दोन चाकं फिरोत नाहीतर चार, गाडी पोटावर बसते. उसाच्या फडातल्या पाणंदीत ऑगस्टमध्ये मी चांगल्यातली चांगली फोर बाय फोर अडकलेली बघितली आहे. अशा रानात काम असेल तर रस्त्याला गाडी लावून पुढे ट्रॅक्टरने माल नेणं स्वस्त पडतं. वर्षातून आठ-दहा दिवसांच्या चिखलासाठी फोर बाय फोरचा जादा खर्च, जादा वजन आणि जादा डिझेल वर्षभर वाहू नका.

वहीत मागच्या पावसाळ्यातल्या कामांची यादी काढा. किती ठिकाणी गाडी पोचली नाही आणि ती का पोचली नाही, हे समोर ठेवलं की उत्तर आपोआप मिळतं.

कुठली घ्यावी

माझा पहिला निकष गाडीचं नाव नाही. ती ज्या तालुक्यात वापरणार त्या तालुक्यातला मिस्त्री ती उघडू शकतो का, आणि पार्ट त्याच दिवशी कराड किंवा सांगलीच्या दुकानात मिळतो का, हे मी आधी बघतो. कामाची गाडी तीन दिवस उभी राहिली तर तीन दिवसांची मजुरी आणि शेतकऱ्याचा विश्वास, दोन्ही जातं.

त्या हिशोबाने महिंद्राच्या जुन्या गाड्या आपल्याकडे सगळ्यात सोयीच्या. पहिली थार २०१० साली आली. तिच्यात डीआय आणि सीआरडीई अशी दोन इंजिनं होती. डीआयमधलं २,५२३ सीसीचं इंजिन जुन्या बोलेरोच्या घराण्यातलं. आवाज मोठा, जोर कमी, पण गावातला कुठलाही डिझेल फिटर ते सोडवतो. सीआरडीई जोरदार आणि चढाला फार चांगली, पण इंजेक्टर आणि सेन्सरची कामं गावात होत नाहीत, त्यासाठी मशीन असलेलं गॅरेज लागतं. मला विचाराल तर डोंगरातल्या कामासाठी नीट ठेवलेली सीआरडीई घ्यावी आणि त्या दुरुस्तीचे पैसे बाजूला ठेवावेत. गॅरेज लांब असेल तर डीआय बरी.

फक्त एक लक्षात ठेवा, थार म्हटलं की फोर बाय फोरच असते असं नाही. डीआयमध्ये टू व्हीलवाल्याही होत्या, आणि २०२० च्या नव्या थारमध्येही २०२३ पासून टू व्हील मिळते. जाहिरातीतला फोटो बघून ठरवू नका, गिअरच्या शेजारी दुसरा लिव्हर आहे का ते बघा.

बोलेरो आणि कॅम्पर फोर बाय फोरमध्येही निघाल्या. अशी कॅम्पर चांगल्या अवस्थेत मिळाली तर सोडू नका. माणसं पुढे, माल मागे, कामाला अशी गाडी दुसरी नाही. मात्र कॅम्पर बहुधा पिवळ्या प्लेटची असते. आठ वर्षांच्या पुढे गेलेल्या पिवळ्या प्लेटच्या गाडीचं पासिंग दरवर्षी करावं लागतं. तो खर्च आणि तो दिवस हिशोबात धरा.

मारुती जिप्सी १९८५ पासूनची. हलकी असल्यामुळे चिखलावरून तरंगत जाते म्हणा ना. पुढचा अ‍ॅक्सल सलग, साधा आणि दणकट. पण पेट्रोल, आणि कामावर लिटरला ८ ते १० किलोमीटरच्या पुढे जात नाही. रोज ऐंशी किलोमीटरचा फेरा असेल तर परवडत नाही. महिन्यातून चार वेळा वर जाणाऱ्या माणसाला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला किंवा एखाद्या नर्सरीवाल्याला, ती अजूनही उत्तम.

स्कॉर्पिओ आणि सफारीच्या फोर बाय फोर स्वस्तात मिळतात. स्वस्त का मिळतात तेही बघा. बऱ्याच गाड्यांत फोर बाय फोर बटणावर लागते. ती मोटर किंवा तिची वायरिंग गेली की बटण नुसतं लुकलुकतं. फोर्सची गुरखा ताकदीला कुणाला हार जाणार नाही, पुढे-मागे डिफरन्शियल लॉक (डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारी सोय) असलेलीही मिळते, पण तिचे पार्ट हाताशी असलेला माणूस आधी शोधा आणि मगच गाडी शोधा.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस सहा, म्हणजे धुराच्या नव्या नियमातल्या, डिझेल गाड्यांबद्दल थोडं. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी मधूनमधून हायवेला सलग पळावी लागते. दिवसभर वाडी ते वाडी, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, दहा-दहा मिनिटांचे फेरे असतील तर तो तुंबतो आणि खर्च मोठा येतो. तुमचं काम असं असेल तर बीएस चार गाडी शोधा.

कधी आणि कुणाकडून

गाडी पावसाळ्यात बघावी. उन्हाळ्यात गळणारं छत गळत नाही, गंजलेला पत्रा ओला होत नाही आणि चिखल मिळत नाही. त्यातही मला पितृपंधरवडा आवडतो. लोक त्या पंधरा दिवसांत गाडी घेत नाहीत, विकणाऱ्याला वेळ असतो, भाव नरम असतो आणि रानं अजून ओली असतात. मन मानत नसेल तर विसार घटस्थापनेला द्या, पण गाडी आधीच नीट बघून ठेवा. दसऱ्याच्या आठवड्यात घाईने घेतलेल्या गाड्या दिवाळीनंतर गॅरेजला उभ्या दिसतात.

पहिल्या मालकाची, त्याच भागात वापरलेली, सर्व्हिसच्या पावत्या जपलेली गाडी मिळाली तर दहा-पंधरा हजार जास्त द्या. पवनचक्क्यांच्या किंवा धरणाच्या साइटवर ठेकेदाराकडे चाललेल्या गाड्या वेळेवर ऑइल पडलेल्या असतात, पण त्यांचा क्लच, पाटे (स्प्रिंग) आणि चॅसी (गाडीचा सांगाडा) संपलेली असू शकते. बँकेने ओढून आणलेल्या गाड्या लिलावात स्वस्त जातात, मात्र तिथे चालवून बघायला मिळत नाही. पहिल्यांदा घेणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

घरी बसून होणारं काम : कागद

गाडी बघायला जाण्याआधी नंबर मागून घ्या आणि एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर टाका. मालक कितवा, इंधन कोणतं, कर्जाचा बोजा आहे का, विमा आणि पासिंग कधीपर्यंत, सगळं दिसतं. दंडाच्या पावत्याही त्याच बैठकीत बघा. जुन्या गाडीवर चार-पाच ई-चलनं सहज निघतात.

बोजा असेल तर बँकेचा नुसता दाखला पुरत नाही, फॉर्म ३५ देऊन आरसीवरून बोजा उतरलेला पाहिजे. तो उतरेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर फॉर्म २८, म्हणजे एनओसी. साताऱ्याची एमएच ११, कराडची एमएच ५०, सांगलीची एमएच १०. आपापसातल्या गाडीला त्रास कमी. एप्रिल २०१९ च्या आधी नोंद झालेल्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेट लावलेली आहे का तेही बघा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२२ मध्ये त्याचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, आणि पर्यावरण कर वेगळा. चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसते ती याच कारणाने. घेऊ नका असं म्हणत नाही, ते पैसे किमतीतून वजा करून घ्या.

दिल्लीच्या गाड्या हा आणखी एक मोह. तिकडे दहा वर्षांवरची डिझेल गाडी चालवायला बंदी आली होती, त्यामुळे चांगल्या दिसणाऱ्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्यांना तिकडची एनओसी लागते, महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो आणि नावावर व्हायला कित्येक महिने जातात. एनओसी हातात नसताना दिल्ली पासिंगची गाडी कितीही चकचकीत असली तरी नको. तीच गोष्ट हरियाणातल्या मंडी डबवालीहून येणाऱ्या बांधीव जिपांची. आरसीवर एक गाडी, रस्त्यावर दुसरी, असं असेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते.

विकणारा म्हणाला, "नावावर नंतर करू, तुम्ही चालवा," तर त्याला समजावून सांगा की धोका त्यालाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला मालक तोच. हे कळलं की बहुतेक जण दुसऱ्या दिवशी सह्या करायला तयार होतात.

गाडीखाली

आता मुख्य काम. सोबत एक रिकामं पोतं, चांगली टॉर्च, एक मोठा स्क्रू ड्रायव्हर आणि तुमचा मिस्त्री घ्या. मिस्त्रीला त्याची दिवसाची मजुरी द्या, आणि गाडी पसंत पडली नाही तरी द्या. नाहीतर "घेऊन टाका" म्हणण्याकडे त्याचा कल जातो, आणि तो माणसाचा स्वभाव आहे.

माझी दुसरी गाडी बघताना आमच्या मिस्त्रीने पोतं टाकलं, उताणा खाली सरकला आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चॅसीवर हात-हात अंतरावर ठोकत पुढून मागे गेला. टण, टण, टण. मागच्या पाट्याच्या शॅकलजवळ (पाटा चॅसीला टांगणाऱ्या कडीजवळ) आवाज एकदम बसका आला, भोपळ्यावर मारल्यासारखा. त्याने स्क्रू ड्रायव्हर उलटा करून टोक दाबलं तर काळ्या रंगाचा पापुद्रा निघाला आणि आतून बोटभर भुगा पडला. चॅसीच्या पोकळीत वाळलेला चिखल आणि पाचट साठून राहिलं होतं, ते दर पावसाळ्यात भिजत होतं. ती गाडी आम्ही सोडली. खालून नुकताच काळा रंग मारलेली गाडी दिसली की तेव्हापासून मी जास्त वेळ ठोकतो.

चॅसीवर वेल्डिंगचा आडवा टाका दिसला तर विषय संपला, निघून या. चॅसी नंबर कोरलेल्या जागेच्या आसपास घासल्याच्या खुणा असल्या तरीही. चॅसी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा, मोबाइलवर फोटो काढून सावकाश वाचा.

मग पुढच्या भागाकडे या. ट्रान्सफर केसमधून, म्हणजे जोर पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरच्या पेटीतून, पुढे जाणारा प्रोपेलर शाफ्ट आहे ना, हे आधी. आहे म्हटल्यावर हाताने धरून वर-खाली आणि गोल हलवा. क्रॉसमध्ये, म्हणजे शाफ्टच्या सांध्यात, प्ले (ढिलेपणा) असेल तर कट्ट आवाज येतो आणि हाताला कळतो. क्रॉस ही छोटी गोष्ट आहे, बदलता येते. पण क्रॉस खिळखिळा आणि ग्रीसचा मागमूस नाही, म्हणजे मालकाने पुढच्या भागाकडे कधी लक्षच दिलेलं नाही, हे लिहून ठेवा.

पुढच्या अ‍ॅक्सलचे रबरी बूट फाटलेत का बघा. बूट फाटला की ग्रीस उडून चाकाच्या आतल्या बाजूला काळी फवारणी झालेली दिसते, आणि आत माती जाऊन जॉइंट खल्लास होतो. सलग अ‍ॅक्सलच्या जिप्सीत किंवा जुन्या जिपांत चाकाजवळच्या गोळ्यातून ग्रीस-ऑइल गळत असेल तर आतलं सील गेलंय.

दोन्ही डिफरन्शियलचा (अ‍ॅक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याचा) ऑइल भरायचा नट सैल करायला सांगा आणि बोट घालून ऑइल बघा. काळपट चालेल. दुधाळ, पांढुरकं निघालं तर आत पाणी गेलंय. फरशी पुलावरून पाण्यातून नेलेल्या गाड्यांत हे हमखास सापडतं. पुढच्या डिफरन्शियलमध्ये जास्त, कारण तिथलं ऑइल कुणी बदलत नाही. ऑइलबरोबर बोटाला लोखंडाचा चुरा लागला तर गिअरचे दात खाल्लेले आहेत.

जॅकची चाचणी

ही चाचणी फुकट आहे, दहा मिनिटांची आहे, आणि ती केली असती तर मला कोयनेच्या चढावर ट्रॅक्टरची वाट बघत बसावं लागलं नसतं.

गाडी सपाट जमिनीवर घ्या. फोर हाय (चारही चाकं, नेहमीच्या वेगाला) लावा आणि पंधरा-वीस फूट सरळ पुढे न्या, म्हणजे हब (पुढचं चाक अ‍ॅक्सलला जोडणारे भाग) लॉक होतात. हब हाताने लॉक करायचे असतील तर खाली उतरून दोन्ही फिरवा. इंजिन बंद करा, पहिला गिअर तसाच ठेवा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून मोठे दगड लावा. आता पुढचं एकच चाक जॅकने उचला. गाडीखाली जायचं नाही, हातही घालायचा नाही, फक्त बाहेरून टायर धरून फिरवायचा.

फोर हायमध्ये चाक चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे हलून अडलं पाहिजे. अडलं म्हणजे ट्रान्सफर केस, शाफ्ट, डिफरन्शियल आणि दोन्ही हब हे सगळं एकमेकांना धरून आहे. चाक गरगर फिरलं तर मधलं काहीतरी धरत नाही. हातभर फिरून मग अडलं तर दात झिजलेत. मग खात्रीसाठी दुसऱ्या बाजूचं चाक उचलून तसंच करा. शेवटी टू हायवर (फक्त मागच्या चाकांवर) घेऊन बघा, चाक मोकळं फिरलं पाहिजे. नाही फिरलं तर फोर बाय फोर सुटतच नाही, आणि ते न लागण्यापेक्षा महाग दुखणं आहे.

चाक वर आहेच तर वर-खाली धरून हलवा, बेअरिंग आणि बॉल जॉइंट कळतात. डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवा, स्टिअरिंगचे टाय रॉड कळतात. आणि चारही टायरचा साइज वाचा. पुढे एक मापाचे, मागे दुसऱ्या मापाचे टायर घालून फोर बाय फोर वापरली असेल तर ट्रान्सफर केस आतून रडतेय असं समजा.

चालवून

गाडी थंड असताना सुरू करायची. फोन करून आधीच सांगा की मी येईपर्यंत सुरू करू नका, आणि गेल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर काहीतरी लपवलंय. सकाळी थोडा धूर चालतो. निळा धूर राहिला तर ऑइल जळतंय. ऑइल भरायचं झाकण काढून इंजिन चालू ठेवा, फकफक वाफ मारत असेल तर पिस्टन रिंग संपल्यात.

मग घाट. सातारकरांना यवतेश्वर, वाईकरांना पसरणी, मेढ्याकडच्यांना केळघर, पाटणला कुंभार्ली. भरलेल्या गाडीने चढायचं, दोन माणसं आणि दोन-तीन पोती तरी मागे टाका. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढताना इंजिन ओरडतंय पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. उतरताना पाय सोडला की गिअर उडून न्यूट्रलला येतो का बघा. डिफरन्शियलचा घुमणारा आवाज अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर बदलतो. काचा वर करून, टेप बंद करून ऐका.

आणि मग कच्च्या रस्त्यावर फोर बाय फोर. मुरूम, ओलं गवत, चिखल, काहीही चालेल, पण डांबरावर नाही. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगातला फरक सोसणारं मधलं डिफरन्शियल बहुधा नसतं. डांबरावर वळलात की ताण आत साठत जातो, स्टिअरिंग जड होतं, लिव्हर अडकतो. विकणाराच तुम्हाला डांबरावर "बघा किती छान लागते" म्हणून फोर हायमध्ये फिरवून दाखवायला लागला, तर त्या गाडीचा पुढचा भाग कसा वापरला गेलाय ते तुम्हाला कळलं.

कच्च्यात फोर हाय लावून इंग्रजी आठच्या आकड्यासारखं वळण घ्या. कटकट आवाज पुढच्या चाकाकडून आला तर जॉइंट गेलाय. मग थांबून, न्यूट्रलला घेऊन फोर लो (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर). थारमध्ये यात जोर साधारण अडीचपट होतो. पहिल्या गिअरला, अ‍ॅक्सिलरेटरला हात न लावता, म्हणजे पाय वर ठेवून, गाडी चढ मुंगीसारखी चढली पाहिजे. त्याच गिअरवर ब्रेकशिवाय उतरलीही पाहिजे. उतरताना फोर लो उडत असेल तर ती गाडी डोंगरात कुणाचा तरी जीव घेईल. इथे भाव कमी करून घ्यायचा प्रश्न नाही, सोडून द्या.

पुरात बसलेली गाडी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला, त्या वेळी पाटण, चिपळूणकडेही हाहाकार झाला. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन, सीट बदलून अजून फिरतात. कुणाचं नुकसान झालं त्याबद्दल वाईट वाटतं, पण ते आपल्या गळ्यात नको.

सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. कव्हर धुतलेलं असतं, बेल्टचं शेवटचं हातभर टोक कुणी धूत नाही. मिरजेत बघितलेल्या एका गाडीचा बेल्ट असा ओढला तर कोपरभर अंतरावर तपकिरी रेघ होती, नदीच्या घाटावर पूर ओसरल्यावर राहते तशी, सरळ. मग फ्यूजबॉक्स उघडला, आत बारीक गाळ. हेडलाइटच्या आत धुकं, सीटखालच्या बोल्टवर गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात रेती, एवढं जुळलं की आणखी बघायची गरज नाही. वायरिंग आज चालते, दोन पावसाळ्यांनी एकेक जागा सोडते.

सौदा

सापडलेल्या दुखण्यांची यादी मिस्त्रीकडून आकड्यांसह लिहून घ्या आणि ती विकणाऱ्यासमोर ठेवा. आवाज चढवायची गरज पडत नाही. विसार थोडा द्या, पावतीवर गाडी नंबर, ठरलेली किंमत, कागद देण्याची तारीख आणि बोजा किंवा चलनं कुणी भरायची ते लिहा. उरलेले पैसे बँकेतून. हातात सगळे पैसे असतील तरी सगळे गाडीला घालू नका, किमतीचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवा. जुनी गाडी पहिल्या तीन महिन्यांत तो मागतेच, आणि तेव्हा पैसे नसले की गाडी अर्धवट दुरुस्तीत उभी राहते. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या.

घरी आणल्यावर

मालक काहीही म्हणाला असेल तरी सगळी ऑइलं बदला : इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं आणि मागचं डिफरन्शियल. क्रॉसना ग्रीस मारा. चॅसीची पोकळी पाण्याच्या जोराने धुऊन दोन दिवस उन्हात वाळवा, मग आतून ऑइल फवारा. टोचनसाठी चांगला पट्टा, दोन शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या), एक फावडं आणि फळी गाडीतच राहू द्या.

पुढचा भाग बंद राहिला की आतलं ऑइल खाली बसतं, सील वाळतात, हब चिकटतात. म्हणून महिन्यातून एकदा तरी कच्च्या रस्त्याने किलोमीटरभर फोर बाय फोर चालवायची. तारीख लक्षात राहत नाही म्हणून मी अमावास्या धरली आहे. त्या दिवशी गाडी धुतो, नारळ फोडतो, जुनं लिंबू-मिरची काढून नवं बांधतो, आणि मग घरामागच्या पाणंदीने ओढ्यापर्यंत फोर हायमध्ये जाऊन फोर लोमध्ये परत येतो. आल्यावर पोतं टाकून एकदा खाली बघतो.